फोटोच्या पाठीवर



हे व्याख्यान ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ होत आहे, ते जुन्या नाशकातल्या एका शाळेत इतिहास शिकवत. दिवाळीच्या सुट्टीत ते मुलांना एकच अभ्यास देत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी बोला आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आणा. सरांच्या कुटुंबीयांनी विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा मी जुन्या छायाचित्रांचा आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या आठवणींचा विषय घेतला. सरांचा तो अभ्यास आज कुणी न देताही शहरभर चालू आहे, असे मला दिसते.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर असा एखादा ग्रुप असेल. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, गल्लीतल्या मंडळाचा, माहेरच्या माणसांचा किंवा नुसताच जुन्या नाशिकच्या फोटोंचा. सकाळी कुणीतरी रविवार कारंजाचा कृष्णधवल फोटो टाकतो आणि दुपारपर्यंत पुण्याहून, ठाण्याहून, थेट अमेरिकेतून उत्तरे येऊ लागतात. कोपऱ्यावर कुणाचे दुकान होते, टांगे कुठे उभे राहत, रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, पहिली उडी कोण मारायचे. वर्षानुवर्षे ज्यांची गाठ पडलेली नाही अशी माणसे एका ओट्यावरून हिरिरीने वाद घालतात. याला करमणूक म्हणून सोडून देऊ नये. शहराचा इतिहास लिहायचे काम इथे चालले आहे आणि ते रोज संध्याकाळी अर्धवट टाकून दिले जात आहे. एवढेच मला आज सांगायचे आहे.

एक फोटो डोळ्यांसमोर आणतो. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपवर तो आला होता. भांडी बाजारातली अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना लाकडी सज्जे. खाली पाणी, दुकानांच्या फळ्यांच्या अर्ध्यापर्यंत चढलेले. छातीभर पाण्यातून एक माणूस डोक्यावर पातेले धरून चालला आहे आणि वरच्या सज्जातून तीन बायका वाकून त्याच्याकडे बघत आहेत. फोटो काढणारा समोरच्या माडीवर उभा असावा, कारण कॅमेऱ्याची उंची त्या बायकांच्या डोळ्यांइतकीच आहे. खाली मजकूर होता, ‘शंभर वर्षांपूर्वीचा गोदावरीचा महापूर’. कुणीतरी विजेच्या तारांकडे बोट दाखवले. कुणी म्हणाले, दुकानाची पाटी नीट बघा, तिच्यावर टेलिफोनचा नंबर आहे. मग एका नातवाने तो फोटो आपल्या आजीला दाखवला आणि तिचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. आजींचे पहिले वाक्य होते, “मधली मी.”

पूर सप्टेंबर १९६९ चा. आजी तेव्हा नवी नवरी. पातेल्यात पिठलं-भात होता आणि तो पलीकडच्या माडीवर अडकलेल्या बाळंतिणीकडे चालला होता. पुढे त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही फोटोत येऊ शकत नाही. दुकाने भांड्यांची. पाणी आत शिरल्यावर रिकामे हंडे, घागरी, परातीसुद्धा तरंगून बाहेर आल्या आणि गल्लीतून एकमेकींवर आपटत वाहू लागल्या. रात्रभर अंधारात तो खणखणाट चालू होता. “पुराची भीती नाही वाटली एवढी, त्या आवाजाची वाटली,” असे आजी म्हणाल्या. दोन मिनिटांचे ते बोलणे ऐकून ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिले नाही.

पुढे काय झाले? फोटो पुढे गेला, आजींचा आवाज मागेच राहिला. नातवाने फोन बदलला, जुने संदेश गेले. पुढच्या पावसाळ्यात तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवरून परत आला, थोडा अधिक पुसट होऊन, आणि खाली पुन्हा तोच मजकूर, ‘शंभर वर्षांपूर्वीचा महापूर’.

नाशिककराला पुराचे वर्ष विसरून चालत नाही. आपण पाणी फुटांत मोजतच नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी आपली मापे. नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेले की मोठा पूर. हे मोजमाप तोंडी चालत आले, आणि १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या वेळी लोकांनी त्याच मापाने एकमेकांना फोन केले. सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला पाणी लागले होते ते दाखवणारा, नक्की तारीख असलेला एक फोटो नदीकाठच्या बांधकामांच्या वादात किती उपयोगी पडेल, याचा विचार करा. तारीख नसलेला तोच फोटो हळहळण्यापलीकडे कशाच्याही कामाचा नाही.

हे सगळे आपल्याकडे एकदा घडून गेलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाड्यावाड्यांत मोडी कागदांची दप्तरे पडून होती. कुणी ती वाण्याला पुड्या बांधायला देत होते, कुणी नदीत सोडत होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, ओसऱ्यांवर बसले, लोकांच्या नाकदुऱ्या काढल्या. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे ती मालिका बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. राजवाड्यांचा आग्रह असा की कागद कुणाच्या दप्तरातला, कुठे सापडला, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये. घरोघरच्या काळ्या पानांच्या अल्बमांना, ज्यांच्या पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद असतो, मी विसाव्या शतकाचे दप्तर मानतो. या वेळी एकट्या राजवाड्याने गावोगाव हिंडायची गरज नाही. दप्तरवाले स्वतःच दप्तर उघडून दाखवत आहेत. उणीव आहे ती फक्त नोंदीची.

नोंद राहिली तर एक फोटो कुठवर पोहोचतो याचे नाशिकचेच एक उदाहरण सांगतो, कारण ते नाशकातच फारसे कुणाला ठाऊक नाही. आपण रोज शरणपूर रोडवरून जातो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसाहत आणि शाळा काढली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची जहाजे पकडत असे आणि त्यांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी कित्येकांना इथे आणले जाई. ती मुले शरणपुरात वाढली, शिकली, सुतारकी-लोहारकीसारखे हुन्नर शिकली. आफ्रिकेचा शोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याने या शाळेतले नऊ तरुण बरोबर घेतले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटले आहे. मागाहून आलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता. १८७३ साली आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय तिथल्याच झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशकात शिकलेल्या या जेकबने आणि झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली. मग लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांनी ते शव दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालत समुद्रापर्यंत आणले. जेकब शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता.

शवपेटीजवळ बसलेल्या जेकबचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. अंगावर युरोपीय कपडे, चेहरा तरुण. तिकडे त्याचे नाव, वर्ष, प्रसंग सगळे लिहून ठेवलेले असल्यामुळे आपण आज म्हणू शकतो की हा आपल्या गावच्या शाळेचा विद्यार्थी. या मुलांपैकी कित्येक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनमध्ये जाऊन राहिले आणि तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले गेले. त्यांचे वंशज केनियात आहेत. जुन्या नाशिकचा विषय निघाला की आपण घाट, वाडे आणि देवळे आठवतो. शरणपूरची ही मुले, काझीपुऱ्यातली आणि कोकणीपुऱ्यातली घराणी, देवळालीतले पारशी बंगले, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२० च्या दशकापासून कामाला आलेली देशभरची माणसे, हे सारेच जुने नाशिक. त्यांच्या घरच्या फोटोंशिवाय केलेला संग्रह अपुरा राहील.

आणि ज्यांच्या घरी फोटोच नव्हता, त्यांचे काय? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची संघटना, हजारो सत्याग्रही, आणि काही वर्षे चाललेला लढा. त्या हजारोंपैकी किती जणांचे चेहरे आपण ओळखतो? कॅमेरा पैसेवाल्याकडे होता आणि स्टुडिओत जायला अंगावर धड कपडे लागत. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून त्यांच्या तोंडून त्यांची हकीकत लिहून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. नाशिकच्या शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ हे आत्मचरित्र नसते, तर या शहराचा केवढा तरी भाग आपल्याला दिसला नसता. म्हणून ग्रुपवर कुणी “माझ्याकडे फोटो नाही, पण आठवण आहे” असे लिहिले तर त्याला फोटो टाकणाऱ्याइतकाच मान द्या. किंबहुना थोडा जास्त द्या. आठवण सांगणारा गेला की ती दुसऱ्या कुठल्याही कपाटात सापडत नाही.

फोटो वाचायलाही शिकावे लागते आणि त्यात मोठा आनंद आहे. अहिल्यादेवी होळकर पूल, म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बांधलेला. तो चित्रात हवा तिथे नसेल, तर फोटो त्याच्या आधीचा. दुकानाच्या पाटीवर भाव आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचा. कचेरीच्या फलकावर ‘मुंबई राज्य’ असेल तर मे १९६० च्या आधीचा. गाडीवर एमएच-१५ दिसले की ऐंशीच्या दशकाचा शेवट गाठला. भिंतीवरच्या सिनेमाच्या पोस्टरइतका विश्वासू साक्षीदार तर दुसरा नाही. आणि हरिद्वारच्या घाटाचा फोटो ‘आपली गोदामाई’ म्हणून आला तर नारोशंकराचे शिखर शोधा. ते नसेल आणि काठ ओळखीचा वाटत नसेल, तर पुढे पाठवू नका.

चुकीचा मजकूर नेहमी निरुपद्रवी नसतो. जुना फोटो, खाली भडक वाक्य आणि दोन समाजांत तेढ, हे आपण गेल्या काही वर्षांत अनेकदा पाहिले. ज्याला वर्ष आणि जागा माहीत नाही त्याने ‘माहीत नाही’ असे लिहावे. आणि मजकूर बरोबर असला तरी, लग्नाच्या फोटोतली बाई आज हयात असेल, तिचे ते लग्न मोडले असेल, तिला तो फोटो हजार लोकांनी बघायला नको असेल. घरातल्या चार माणसांना विचारल्याशिवाय घरातला फोटो बाहेर जाऊ नये. एवढी मर्यादा पाळली तर माणसे आणखी विश्वासाने अल्बम उघडतील.

घरच्यांनी जपले म्हणून काय वाचते, हे सांगायला फाळक्यांच्या गावात दाखला शोधायला नको. त्र्यंबकला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता आणि प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावल्यावर त्यांनी ते गाव सोडले. पुढे त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशकात चालली आणि १९४४ साली याच गावात ते वारले. त्यांच्या खात्यावर ९५ चित्रपट आणि २७ लघुपट धरले जातात. त्यांतले बहुतेक सगळे नाहीसे झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर फाळक्यांच्या मुलाबाळांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्याकडे उरलेले तुकडे त्यांनी मिळवले, म्हणून ‘कालिया मर्दन’मधली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी आपण आज पडद्यावर पाहू शकतो.

आता सर्वांत धोक्यात असलेल्या फोटोंविषयी. आपल्याला वाटते, आजोबांचा पिवळा पडलेला फोटो आधी जाईल. तसे नाही. चांगला धुतलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षे सहज टिकतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले आपले रंगीत फोटो मात्र लाल पडत चालले आहेत, कारण त्यातले निळे-हिरवे रंग आधी उडतात. त्यांना चिकट पानांच्या, प्लॅस्टिक झाकणाच्या अल्बमात ठेवले असेल तर तो गोंद त्यांना मागून खातो. त्याहून वाईट दशा २००० नंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांची. मेलेले फोन, न उघडणाऱ्या सीडी, पासवर्ड विसरलेले संगणक. १९५५ च्या बारशाचा फोटो घरात सापडतो, २००५ च्या बारशाचा सापडत नाही, असे मी कितीतरी घरांत पाहिले. तीच गोष्ट शहराची. २००३ च्या सिंहस्थाच्या आसपास नदीपात्रात काँक्रीट झाले, गोदाघाटावरची जुनी कुंडे त्याखाली गेली आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १८८३ च्या गॅझेटियरमध्ये इथल्या तीर्थांचे वर्णन छापलेले आहे. पण काँक्रीट पडण्याच्या आदल्या वर्षीचे पात्र कसे होते हे दाखवणारे फोटो तुमच्याच घरी आहेत, मुंजीच्या, गंगापूजनाच्या, दशक्रियाविधीच्या फोटोंत, माणसांच्या पाठीमागे. २०२७ च्या सिंहस्थाची कामे आता चालू आहेत. दर बारा वर्षांनी हे शहर कात टाकते. आज काठ जसा आहे तसा फोटो काढून ठेवायला हाच शेवटचा उन्हाळा समजा.

काय करायचे ते थोडक्यात सांगतो. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. डावीकडून कोण कोण, कुठे, केव्हा, कुणी काढला. बायकांची नावे ‘सौ.’ आणि नवऱ्याच्या नावावर सोडू नका, त्यांची स्वतःची आणि माहेरची नावे लिहा. बॉलपेन नको, शाई फुटते. स्कॅन करा तेव्हा पाठीचाही स्कॅन घ्या आणि कोपऱ्यातला स्टुडिओचा शिक्का कापू नका, त्या छायाचित्रकाराची तेवढीच आठवण उरली आहे. ग्रुपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर चित्र आकसते आणि दर फेरीला पुसट होते. मजकूर चित्राखालीच लिहा, म्हणजे पुढे पाठवताना तो सोबत राहण्याची निदान शक्यता उरेल. आणि जे संदेश लोक लिहितात, ते महिन्यातून एकदा कुणीतरी उतरवून कागदावर छापून घ्या. प्रत्येक ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षक किंवा ग्रंथपाल असतोच. हे काम त्यांना द्या, ते मनापासून करतील.

जगात हे होत आहे. २००८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तीन हजारांवर जुने फोटो इंटरनेटवर मांडून लोकांना विचारले, यात कोण आहे, काय आहे ते सांगा. लोकांनी सांगितले आणि ग्रंथालयाने खात्री करून आपल्या नोंदी सुधारल्या. आपल्याकडे अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये फोटो एकटा येत नाही, ज्या घरचा फोटो त्यांनीच लिहिलेली हकीकत त्याच्यासोबत येते. आपल्या गावात तर १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. फोटोंच्या आणि हकिकतींच्या प्रती एखाद्या वाचनालयात, महाविद्यालयात, जिथे चार पिढ्यांनी कुणी मागितल्यावर मिळतील अशा जागी ठेवण्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून आग्रह धरू या. मूळ फोटो घरीच राहू द्या, प्रत द्या.

शेवटी एक विनंती. १८८९ साली नाशिकरोड स्टेशनपासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. त्या ट्राममध्ये बसलेल्या किंवा तिच्याबद्दल घरात ऐकलेल्या माणसांची मुले-नातवंडे या श्रोत्यांमध्ये नक्की असतील. कुणाच्या घरी तिचा फोटो असेल, तिकीट असेल, किंवा आजोबांनी सांगितलेली एखादी गोष्ट असेल, तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावे. मी वही घेऊन व्यासपीठाजवळ थांबतो आहे.